यंत्र नंतर घ्या, आधी दळण सुधारा

कोकणातल्या आंजर्ल्याहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. पुण्यातली नोकरी घरून करायची मुभा मिळाली तशा त्या नवऱ्यासह सासरी राहायला आल्या. येताना पाच वर्षांपूर्वी घेतलेलं छोटं एस्प्रेसो मशीनही सोबत आणलं. सकाळी सातला दोघांच्या दोन कॅपुचिनो आणि दुपारी चारला सासऱ्यांची एक बिनदुधाची, हा रोजचा शिरस्ता. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, जन्मभर चहा प्यायलेले; आता सुनेच्या हातची कॉफी मागून घेतात. कॉफी मात्र मनासारखी उतरत नाही. कधी कडूजहर, कधी आंबट पाणी. त्यांनी सव्वा लाख रुपये बाजूला ठेवलेत आणि डोळा आहे एका दोन बॉयलरच्या इटालियन मशीनवर. अमेरिकेतला दीर दिवाळीला येताना तिकडून घेऊन येतो म्हणतोय. मिस्टर म्हणतात, आहे ते चालतंय की. घरात विहिरीचं पाणी आहे, लाईट जाते-येते, आणि शेवटी त्या विचारतात, "गावात राहून कॉफीवर एवढा पैसा घालणं चुकतंय का माझं?"

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं लिहिताना तुमच्या मनात तोच आहे असं वाटलं. नाही, चुकत नाही. ज्या घरात दुपारी चारला सासरे "झाली का गं?" म्हणून ओट्यापाशी येऊन उभे राहतात, त्या घरात ती वाटी दीड वाटी कॉफी चैनीत मोजायची नसते. पैसा जरूर घाला. फक्त तो सगळा त्या एका मशीनवर घालू नका.

दुसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की बिया मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळता. घोडं तिथेच पेंड खातंय. आज संध्याकाळी एक करून बघा. दळलेली पूड पांढऱ्या कागदावर पसरा आणि चिमूटभर बोटांत चोळा. काही कण रव्यासारखे लागतील, काही मैद्यासारखे, मध्येच एखादा तुकडा भरड कण्यांएवढा. मिक्सरचं पातं बी दळत नाही, फोडतं, आणि जे आधी फुटलं त्यालाच पुन्हा पुन्हा फोडत बसतं. आता यावर दाबाचं गरम पाणी आलं की ते रव्यातून वाट काढून पळतं. तिथली कॉफी कच्ची राहते, म्हणून आंबट. मैदा मात्र भिजून अति उतरतो, म्हणून कडू. एकाच कपात दोन्ही. ज्या दिवशी रवा जास्त त्या दिवशी आंबट पाणी, ज्या दिवशी मैदा जास्त त्या दिवशी जहर. दोन लाखांचं मशीनसुद्धा या पुडीचं काही करू शकणार नाही.

तुमचं सध्याचं मशीन हे ओळखूनच बनवलेलं आहे. त्याची पूड भरायची जाळी उलटी करून उजेडात धरा. आतून शंभर भोकं दिसतात, पण बाहेरच्या तळाला सुईच्या टोकाएवढं एकच भोक आहे. ही दुहेरी तळाची जाळी. पूड कशीही असो, त्या एका भोकामुळे दाब तयार होतो आणि वर फेस येतो. तो फेस म्हणजे क्रेमा, खऱ्या एस्प्रेसोवर येणारी दाट सोनेरी साय, नव्हे. कपात पडून मिनिटभरात साबणासारखा विरतो, हे तुम्हीच लिहिलंय. आणि डब्यावरच्या '१५ बार'ला भुलू नका. बार हे दाबाचं माप, आणि तो आकडा पंपाचा जास्तीत जास्त जोर आहे. एस्प्रेसोला लागतात साधारण ९ बार, तेही पुडीच्या चकतीने नीट अडवलं तर.

म्हणून पहिली खरेदी ग्राइंडरची. सव्वा लाखातले तीस-पस्तीस हजार तिकडे जाऊ द्या. दोन पोलादी चकत्यांमध्ये किंवा शंकूच्या जोडीमध्ये बी भरडणारा, आणि एस्प्रेसोसाठी बारीक-बारीक टप्प्यांनी फिरवता येणारा. हे शेवटचं दुकानदाराला मुद्दाम विचारा. पुष्कळ ग्राइंडर फिल्टर कॉफीला उत्तम असतात, पण एस्प्रेसोच्या पट्ट्यात त्यांना दोनच खाचा असतात. एकीवर पाणी धो धो येतं, दुसरीवर थेंब पडत नाही. रोजच्या तीन कपांना हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडरही पुरतो. जात्यावर बसल्यासारखं मिनिटभर फिरवायचं, लाईट असो वा नसो. माझ्याकडे गेली तीन वर्षं तोच आहे आणि मला मोटारीची आठवण झालेली नाही.

त्याच्यासोबत दोन स्वस्त वस्तू: तुमच्या मशीनच्या मापाची एकेरी तळाची जाळी (तुमचं वर्णन वाचून ते ५१ मिलिमीटरचं वाटतं, पण पट्टीने मोजून घ्या), आणि एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा. मग १५ ग्रॅम पूड घ्या, सपाट दाबा, आणि कप काट्यावर ठेवून बटण दाबा. कपात ३० ग्रॅम उतरायला २५ ते ३० सेकंद लागले पाहिजेत. पंधरा सेकंदांत आलं तर दळण बारीक करा, पन्नास लागले तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. पंधरा दिवस हे जुन्याच मशीनवर करा. कॉफी इतकी बदलेल की नवं मशीन कशासाठी हवं होतं, हे तुम्हाला पहिल्यांदा नेमकं कळेल. तोवर बुकिंगचे पैसे कुणालाही देऊ नका.

आता त्या इटालियन मशीनबद्दल. तुम्ही पाठवलेल्या चित्रात पुढे जो चकचकीत जाड घुमटासारखा भाग आहे, तो ई-६१ ग्रूप, म्हणजे जाळी जिथे अडकवतात आणि कॉफी जिथून उतरते तो भाग. १९६१ साली फाएमा कंपनीने आणला. त्या वर्षी इटलीत सूर्यग्रहण होतं, त्यावरून नाव पडलं. साठ वर्षं उलटली तरी तो टिकून आहे, म्हणजे चीज उत्तमच. पण त्याचं वजन चार किलोच्या घरात असतं आणि तो सगळा पितळेचा गोळा आतून तापल्याशिवाय कॉफी नीट येत नाही. अर्धा तास धरून चाला. पुण्यात टायमर लावून झोपता येतं. आंजर्ल्यात सहाला बटण दाबलं, सहा वीसला लाईट गेली, पावणेसातला आली, की पहिल्यापासून सुरू. जुलैत हे रोजचं होईल आणि महिन्याभरात त्या मशीनवर कापड पडेल.

दोन बॉयलर लागतात कुणाला? ज्याला एकीकडे कॉफी उतरवत दुसरीकडे त्याच क्षणी दूध वाफवायचं आहे, एकामागून एक आठ-दहा कप. तुमच्या दोन कॅपुचिनो आहेत. दोन्ही कॉफी आधी उतरवायच्या, मग वाफेचं बटण, मिनिटभर थांबायचं, आणि एकाच भांड्यात दोघांचं दूध. एका बॉयलरवर सगळं दहा मिनिटांत आटोपतं. मे महिन्यात मुंबईची मंडळी आंबे खायला येतात तेव्हा घरात बारा माणसं असतात, हे तुम्ही लिहिलंय. त्या पंधरा दिवसांसाठी वर्षभराचं मशीन ठरवू नका. तेव्हा पितळी फिल्टर काढा नाहीतर चहाचं आधण ठेवा.

दिराला प्रेमाने नाही म्हणा. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडचं मशीन इकडच्या प्लगात लावलं तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावाल तर तो दीड-दोन हजार वॅट पेलणारा, धोंड्यासारखा जड हवा, आणि व्होल्टेज उतरलं तरी हर्ट्झ तेच राहतात. या मशीनांतला कंपनाचा पंप त्या हर्ट्झवरच नाचतो, तेव्हा तो तिथल्यासारखा चालणार नाही. वॉरंटीही समुद्रापलीकडेच राहते. त्याने आणायचंच असेल तर पूड दाबायचा चांगला टॅम्पर आणू दे, आयुष्यभर वापराल.

विजेचं थोडं घरातही बघून घ्या. १४५० वॅटच्या मशीनला सव्वासहा अँपिअरहून थोडी जास्त वीज लागते, म्हणजे ते मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटचं काम नव्हे. गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट ओट्याशेजारी काढून घ्या. इन्व्हर्टरवर चालवायचा विचार असेल तर तो सोडा, घरगुती इन्व्हर्टर एवढा भार घेत नाही. दुपारनंतर लाईट डीम होते म्हणालात. २३० चे १८० व्होल्ट झाले की तापवणाऱ्या कॉइलचा जोर चाळीस टक्क्यांच्या आसपास घटतो, १४५० वॅटचं मशीन नऊशेचं होतं. दुपारी सासऱ्यांची कॉफी नेमकी फिकी का होते, त्याचं एक कारण हे असू शकेल. आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कातळावरच्या घरांत मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. ओल्या हाताने पोलादी मशीनला आपण दिवसात वीस वेळा शिवतो. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतत जा.

आता पाणी. पत्रात तुम्ही यावर अर्धीच ओळ लिहिली आहे, मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी सहसा मऊ असतं. तूरडाळ पटकन शिजते, साबणाला फेस भरपूर, किटलीच्या तळाला पांढरा थर धरत नाही. देशावरच्या बोअरच्या पाण्यासारखा चुन्याचा त्रास आपल्याला कमी. पण तुमची विहीर समुद्रापासून तीनशे मीटरवर आहे आणि "एप्रिल-मेमध्ये पाणी जरा मचूळ लागतं" असं तुम्हीच लिहिलंय. त्या मचूळपणात क्लोराइड, म्हणजे मिठाचाच अंश, असतो. माणसाला पिण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. मशीन बनवणारे बरेचदा ५० च्याही खाली मागतात. कारण गरम पाण्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला बारीक छिद्रं पाडतं. वरून भांडं आरशासारखं, आणि आतून टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून पाणी झिरपतंय. वाफेच्या बॉयलरमध्ये तर हे आणखी वाढतं. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात, वरून नवं पाणी येतं, पुन्हा वाफ जाते. मिठागरात जे उघड्यावर होतं तेच तिथे बंद डब्यात होतं. दोन बॉयलरचं महागडं मशीन आपल्या किनाऱ्यावर लवकर का दमतं, ते यातून कळेल. एका बॉयलरच्या मशीनमधलं पाणी निदान प्रत्येक कॉफीला बदलत राहतं.

तेव्हा मे महिन्याच्या मध्यावर, पाणी सर्वांत वाईट असताना, बाटलीभर पाणी पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत द्या आणि क्लोराइड व कठीणपणा हे दोन आकडे लिहून घ्या. क्लोराइड जास्त निघालं तर विहिरीचं पाणी मशीनमध्ये कधीच घालायचं नाही, गाळूनही नाही. मीठ गाळणीत अडकत नाही. मग घरच्या आरओचं पाणी वापरा, पण नुसतं नको. कोऱ्या पाण्यात कॉफी मिळमिळीत लागते, आणि काही मोठ्या मशीनांत बॉयलरमधली पातळी ओळखणाऱ्या दांडीला तर असं पाणी समजतच नाही. एका लिटरला एक दशांश ग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅम, खाण्यायोग्य पोटॅशियम बायकार्बोनेट विरघळवा. चुना नाही, क्लोराइड नाही, चव चांगली. मी दर रविवारी पाच लिटरची बरणी करून ठेवते.

हे लिहिताना आठवलं, एका वाचकांनी बॉयलर साफ करायला कोकमाचं आगळ घातलं होतं. तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने लख्ख होतात, म्हणून. ताई, आगळात मीठ असतं! थर आलाच तर मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेलं औषध, किंवा पुस्तिका परवानगी देत असेल तर लिंबूफुलाचं पाणी, आणि नंतर दोन-तीन टाक्या साधं पाणी सोडून द्यायचं.

माझं स्वतःचं सांगते. रत्नागिरीला आल्यावर मीही एक मोठं मशीन घेतलं होतं, काचेचा पडदा, स्पर्शाची बटणं, सगळं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात ऑगस्टमधल्या एका सकाळी पडदा लागला, आकडे दिसले, पाणी मात्र गारच. फ्रीज दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या कारागिराने मागचं झाकण उघडलं. आत तांब्याच्या जोडांवर हिरवी बुरशी चढावी तसा थर, आणि विजेच्या कार्डावर एक मेलेली पाल. तो म्हणाला, "वायरी मी करून देतो, पण कार्ड बंद डब्यातलं आहे, याला हात लावता येत नाही." विकणाऱ्यांनी मशीन मुंबईला पाठवायला सांगितलं. बावीस किलोचं धूड खोक्यात भरून पाठवलं, सात आठवड्यांनी परत आलं, आणि नव्या कार्डाचे पैसे मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे झाले. त्या सात आठवड्यांत मी ठरवलं की जे मशीन गावातला माणूस स्क्रू ड्रायव्हरने उघडू शकत नाही, ते किनाऱ्यावर घ्यायचं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते: एका बॉयलरचं, ५८ मिलिमीटर मापाच्या जाळीचं, साध्या खटक्यांच्या बटणांचं मशीन घ्या. गॅजिया क्लासिक १९९१ पासून आहे, रॅन्चिलिओ सिल्व्हिया १९९७ पासून. दोन्हींच्या आत एक बॉयलर, एक पंप, दोन-तीन थर्मोस्टॅट आणि वायरी, बस. सिल्व्हियाचा बॉयलर पितळेचा, सुमारे ३०० मिलिलिटरचा, त्यामुळे तिची वाफ जरा दमदार. गॅजिया लहान आहे पण पटकन तापते, दहा-पंधरा मिनिटांत तयार, आणि तुमच्याकडच्या लाईटचा विचार करता माझा कौल तिला. कॉफी आणि वाफ यांमधलं तापमान सांभाळायला थोडा हात बसावा लागतो, महिनाभरात बसेल. घेताना विक्रेत्याला तीनच गोष्टी लेखी विचारा: ग्रूपचं गॅस्केट, पंप आणि कॉइल हे सुटे भाग आज तुमच्याकडे आहेत का, आंजर्ल्याला कुरिअरने पाठवाल का, आणि मशीन स्थानिक कारागिराने उघडलं तर वॉरंटीचं काय. पहिल्या प्रश्नाला "मागवून देऊ" असं उत्तर आलं तर दुसरा विक्रेता बघा. गॅस्केट आणि जाळी एकेक जादा आत्ताच घेऊन ठेवा.

तीन सेकंदांत तापणारी नवी छोटी मशीनंही आहेत. लाईटच्या दृष्टीने ती सोयीची, कॉफीही चांगली देतात. पण सगळा कारभार कार्डावर, म्हणून मी ती तुम्हाला सुचवत नाही.

एक मात्र मनापासून सांगावंसं वाटतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तुमच्या सासऱ्यांना विचारा, ते सांगतील. आपल्या घरात वीज नसतानाही एस्प्रेसो होऊ शकतो. मुळात आज आपण ज्याला क्रेमा म्हणतो तो दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत आकिल्ले गॅजिया यांच्या दांड्याच्या यंत्रांमुळे लोकांना माहीत झाला, आणि ती दाब हाताने दांडा ओढून ताणलेल्या स्प्रिंगच्या जोरावर द्यायची. आजही फ्लेअर, रोबोट अशी हाताच्या दांड्याची घरगुती यंत्रं मिळतात. त्यांत पंप नाही, बॉयलर नाही, वायर नाही. गॅसवर पाणी उकळा, ओता, दांडा सावकाश दाबा. गंजायला फारसं काही नाही आणि आतलं क्लोराइडचं दुखणंही जवळजवळ संपतं. दूध मात्र वेगळं फेटावं लागतं. तुम्हा दोघांना कॅपुचिनो हवी, म्हणून पहिली शिफारस गॅजियाची. पण जुन्या मशीनवरचे पंधरा दिवस संपल्यावर तुमच्या लक्षात आलं की दुधापेक्षा कॉफीच जास्त आवडतेय, तर निम्म्याहून कमी पैशांत दांड्याचं यंत्र घ्या आणि उरलेले बँकेत ठेवा.

बियांबद्दल थोडंसं. चिकोरी मिसळलेली पूड या मशीनांत घालू नका, ती चिकट होऊन पाणी अडवते. दूध घालून प्यायची तर मॉन्सून्ड मलबार मागवून बघा. मंगळुरूच्या बाजूला जून ते सप्टेंबर बिया उघड्या गोदामांत पसरून मोसमी वाऱ्यावर ठेवतात. त्या फुगतात, फिकट पिवळ्या पडतात आणि आंबटपणा जातो. आपले पापड मऊ पाडणारा तोच वारा. भाजल्याची तारीख असलेली पाव किलोचीच पाकिटं घ्या. पावसात बिया उघड्या डब्यात ठेवू नका आणि जुलैत दळणाची खाच बदलावी लागली तर घाबरू नका. हवेतली ओल पुडीत उतरते, तेव्हा काट्यावरचे सेकंद बघून फिरवा.

दूध घरच्या म्हशीचं आहे, उत्तम. फक्त तापवून, गार करून, साय गाळून मगच वाफेखाली धरा. साईचा एक तुकडा वाफेच्या नळीच्या टोकात गेला की भोक बुजतं. भांडं तळहाताला जेमतेम सोसेनासं झालं की थांबा, आणि नळी त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसा.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. "आहे ते चालतंय" हे त्यांचं म्हणणं पंधरा दिवसांपुरतं खरं ठरणार आहे, त्यांना बरं वाटेल. ग्राइंडर आला की वहीचं पहिलं पान मला पाठवा: तारीख, ग्रॅम, सेकंद, आणि शेजारी सासऱ्यांनी कप खाली ठेवताना काय म्हटलं ते त्यांच्याच शब्दांत. १६ अँपिअरचा पॉइंट मात्र मिरगाच्या आधी काढून घ्या, पाऊस लागल्यावर वायरमन सापडत नाही.